कायमचा पत्ता

"बाई, जरा सरांकडं सरका. अजून. अहो, मधून म्हैस जाईल एवढी जागा ठेवलीय तुम्ही!" सुतार फोटोवाला कॅमेऱ्यामागून ओरडला.

आई अर्धा इंच सरकली. टिल्लू सर जागचे हलले नाहीत, कारण सरकायला सांगितलं होतं ते आईला. उभा जन्म पॉलिटेक्निकला गणित शिकवलेला माणूस, सांगितलं तेवढंच करायचा. आडनाव टिल्लू आणि उंची सहा फूट, त्यामुळे आईचं डोकं त्यांच्या खांद्यालाही पोचत नव्हतं. सुतारनं मग आईच्या स्टुलावर टेलिफोनची जुनी डिरेक्टरी ठेवली आणि तिला तिच्यावर बसवलं.

"हसू नका हं. फॉर्मला हसरा फोटो चालत नाही," तो म्हणाला.

हसत कोण होतं? आई दात काढायला आल्यासारखी बसली होती, दोन्ही मुठी मांडीवर घट्ट. मी पडद्याच्या कडेला फाइल छातीशी धरून उभी होते.

"आई, पदर सारखा कर. आणि श्वास सोड."

"तू गप्प बस गं. तूच आणलंयस मला इथं."

हे मात्र खरं होतं. आईच्या आणि सरांच्या लग्नाचं सगळं मी माझ्या अंगावर घेतलं होतं.

बरीच सालं झाली त्याला. दोन हजार तीनचा जानेवारी. आम्ही कोल्हापुरात टेलिफोन खात्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आई आणि मी. बाबा लाइनमन होते. मी तेरा वर्षांची असताना खांबावरून पडून गेले. आईला त्यांच्या जागी एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, पुढं ती तक्रार खिडकीवर बसायला लागली. टिल्लू सर तिथं भेटले. त्यांचा फोन दीड महिना बंद होता आणि ते रोज लेखी तक्रार घेऊन यायचे, वर अनुक्रमांक घालून. एकेचाळिसाव्या तक्रारीला फोन सुरू झाला. बेचाळिसाव्या दिवशी गृहस्थ पुन्हा खिडकीशी हजर. आई म्हणाली, "आता काय बंद पडलं?" ते म्हणाले, "काही नाही. सवय झाली." त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

आईनं हे सगळं मला सांगायला दोन वर्षं घेतली. सांगितलं तेव्हा मी ताडकन म्हणाले, "मग करून टाका की लग्न! रजिस्टर करू. मी बघते सगळं." इतक्या पटकन म्हणाले की तीच गांगरली.

मी तेव्हा एका हायस्कुलात क्लार्क होते. दाखले, फॉर्म, झेरॉक्स, साक्षांकित प्रती, यात दिवस जायचा. त्यामुळे मी लगेच एक फाइल केली. वयाचे दाखले, रेशनकार्ड, तीन साक्षीदारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, दोघांचा एकत्र फोटो. आणि दोन मृत्यूचे दाखले. विधवा-विधुराच्या लग्नात आधीचं माणूस गेल्याचा कागद लागतो. बाबांचा दाखला मीच ट्रंकेतून काढला, झेरॉक्स केली आणि हेडमास्तरांचा शिक्का घेतला. हेडमास्तर म्हणाले, "कशाला लागतोय आता?" मी म्हणाले, "पेन्शनचं आहे."

आईनं एकच अट घातली होती. मेथी निवडत होती तेव्हा, माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैजू, सह्या होईपर्यंत आण्णांच्या कानावर जाता कामा नये."

आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. करंजवाडीला असतात, सांगोला तालुक्यात.

"ते काय करणार आहेत?" मी म्हणाले. "तू काय त्यांची मिंधी आहेस?"

"आहे," आई म्हणाली. "तुझे बाबा गेले तेव्हा अख्खा गाव म्हणत होता, बाईमाणसानं गावात राहावं, नोकरी कसली करते. आण्णा आठ महिने कोल्हापूर-मुंबई करत फिरले, साहेबांच्या दारात बसले, तेव्हा मला ही खुर्ची मिळाली. मी त्यांचा शब्द आजवर खाली पडू दिलेला नाही. त्यांनी नुसतं 'शालन, नको' म्हटलं ना, तर माझ्याच्यानं पुढं एक पाऊल होणार नाही. सह्या झाल्या की मी स्वतः गावी जाईन आणि सांगेन. मग त्यांनी दार लावलं तरी चालेल. पण आधी नको."

"बरं बाई. नाही कळणार," मी म्हणाले.

म्हणजे बघा, सगळं या एका गोष्टीवर होतं. आण्णांचा एक 'नको', आणि संपलं.

वीस जानेवारीला आम्ही विवाह अधिकाऱ्यांच्या ऑफिसात नोटीस दिली. अर्ज मी भरला. नाव, वय, व्यवसाय, सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता. माझं अक्षर चांगलं आहे, डोईफोडे नावाच्या तिथल्या क्लार्कबाईंनी कौतुकही केलं. आईनं न वाचता सही केली. मी पुढं केलेल्या कागदावर ती डोळे झाकून सही करायची. सरांनी मात्र प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली, पण स्वतःच्या रकान्यातली.

"तीस दिवस ही नोटीस आमच्या फळ्यावर राहणार," डोईफोडेबाई म्हणाल्या. "कुणाचा आक्षेप आला नाही तर मग तारीख घ्या."

त्या ऑफिसचा फळा काचेच्या आत होता आणि काच इतकी मळलेली की आत काय आहे ते देवालाही कळलं नसतं. मी रोज शाळेतून येताना वाकडी वाट करून तो फळा बघून यायचे. कुणी उभं नाही ना, कुणी वाचत नाही ना. रात्री आई विचारायची, "होतं का गं कुणी?" मी म्हणायचे, "एक कुत्रं होतं. त्याची काही हरकत नाही." आई हसायची, पण तिची भाजी करपायची. त्या महिन्यात आम्ही जेवढी करपलेली भाजी खाल्ली तेवढी त्याआधीच्या दहा वर्षांत खाल्ली नसेल. फोन वाजला की दोघी एकमेकींकडं बघायचो.

तिसावा दिवस गेला. एकतिसाव्या दिवशी मी एकटीच तारीख घ्यायला गेले, मोठ्या रुबाबात. डोईफोडेबाईंनी रजिस्टर उघडलं, फाइल काढली, आणि मान हलवत म्हणाल्या, "छान. इथं आक्षेप नाही. सोलापूरचीही पोच आलीय, तिथंही काही नाही. बोला, कुठली तारीख देऊ?"

"सोलापूरची कसली पोच?"

"अहो, बाईंचा कायमचा पत्ता सोलापूर जिल्ह्यातला लिहिलाय ना तुम्ही. मग नोटिशीची एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्यांना जाते. तिथल्याही फळ्यावर लागते. नियमच आहे तसा."

त्यांनी अर्ज माझ्यासमोर फिरवला. माझंच सुंदर अक्षर. कायमचा पत्ता : मु. पो. करंजवाडी, ता. सांगोला, जि. सोलापूर.

मी टेबलाची कड धरली. आई त्या घरात लग्नानंतर दोनच वर्षं राहिली होती, माझा तर जन्मही कोल्हापूरचा. पण पहिलीत नाव घातल्यापासून प्रत्येक फॉर्मवर आमच्याकडं हेच लिहायचं. आमच्याच काय, शाळेत येणारे सगळे पालक तेच करतात. तीस-तीस वर्षं शहरात काढतील, पण कायमचा पत्ता म्हटलं की गावाचा. बाबांनी शिकवलेलं, आणि माझ्या हातानं आपोआप लिहिलेलं. दुसऱ्यांचे फॉर्म तपासण्याचा पगार घेणारी मी, आणि स्वतःच्या आईच्या अर्जात शेण खाल्लं!

आणि आण्णांची बांधावरून केस चालू होती. महिन्यातून एकदा तरी तारखेला ते सोलापूरला जायचे.

"काय झालं? तब्येत बरी नाही का?" डोईफोडेबाईंनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

"काही नाही. सत्तावीस द्या. गुरुवार," मी कशीबशी म्हणाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "मिळाली तारीख?"

"मिळाली."

"आणि आक्षेप?"

"कुणाचाच नाही," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. पण तिच्याकडं न बघता मी फाइल कपाटात ठेवली.

तिला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी अर्ज मागं घेतला असता. सरांना सांगावं तर ते तिला सांगणार. मी दोन दिवस दम काढला. तिसऱ्या दिवशी शाळेतून, हेडमास्तर जेवायला गेल्यावर, करंजवाडीला फोन लावला. आण्णांना काय कळलंय का, तेवढं चाचपायचं होतं.

"कोन? वैजू व्हय? काय गं पोरी, आज कशी काय आठवन झाली?"

"सहजच, आण्णा. बरे आहात ना?"

"मला काय हुतंय. तुमी कशा हाय?"

"आम्ही मजेत. आई पण मजेत. काही विशेष नाही. अगदी काही म्हणजे काहीच नाही."

पलीकडं आण्णा गप्प राहिले. गप्प म्हणजे किती, फोन कट झाला की काय वाटण्याइतके.

"आण्णा?"

"हाय, हाय. मी यायलोय तिकडं. गुरवारी. येवढं सांग तुझ्या आईला."

"या गुरुवारी? सत्तावीसला?"

"व्हय. का? घरात न्हाय का कुनी?"

"आहोत की! या ना. या," मी म्हणाले आणि फोन ठेवून शाळेच्या मोरीत जाऊन तोंड धुतलं.

तशीच रिक्षा करून मी डोईफोडेबाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "बाई, पाया पडते, बुधवार करा." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मुहूर्त काढलाय की काय कुणी?" मी म्हणाले, "तसंच समजा." त्यांनी खोडरबर घेऊन रजिस्टरमधली पेन्सिलची नोंद पुसली. बुधवार, सव्वीस, अकरा वाजता.

आईला सांगितलं, गुरुवारी साहेबांची मीटिंग आहे. आण्णांच्या फोनचं सांगितलंच नाही. सुतारला सांगितलं, सरांचे मित्र हावळ सर आणि आईच्या ऑफिसातल्या मेहरूमावशी या दोन साक्षीदारांना सांगितलं. तिसरी साक्षीदार मी. सगळ्यांना बजावलं, कुणाला एक अक्षर बोलायचं नाही.

बुधवारी सकाळी आईनं मोतिया रंगाची साडी नेसली. मेहरूमावशीनं येताना अबोलीचा गजरा आणला होता. आई म्हणाली, "नको गं, बारा वर्षांत घातला नाही." मेहरूमावशी म्हणाली, "म्हणूनच आणला," आणि तिनं तो माळलासुद्धा. मी बघत नव्हते. मी फाइल तपासत होते, पाचव्यांदा. निघताना किल्ली शेजारच्या पाटणेकाकूंकडं दिली आणि कुठं चाललोय तेही सांगून टाकलं. सगळ्यांना तोंड बंद ठेवायला सांगणारी मी, आणि क्वार्टरमधल्या चालत्या रेडिओला बातमी देऊन निघाले. का सांगितलं, विचारू नका.

ऑफिसच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता. आमच्या आधी एक जोडी आत गेली होती, दोघंही बाविशीचे. त्यांच्या मित्रांनी नुसता दंगा घातला होता. आई आणि सर बाकावर बसले होते, मध्ये माझी फाइल. सर सारखे घड्याळ बघत होते आणि आईला सांगत होते, "दहा पन्नास." मग, "दहा बावन्न." आई म्हणाली, "अहो, कळतं मला घड्याळ." सुतार भिंतीचा उजेड बघत हिंडत होता. मी गेटकडं तोंड करून उभी होते.

त्यामुळे आण्णा पहिल्यांदा मलाच दिसले. धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. रिक्षातून उतरून ते कुणालाही न विचारता सरळ आमच्याकडं चालत आले.

"आई," मी म्हणाले.

आईनं वर बघितलं आणि ताडकन उभी राहिली. गजऱ्यावरून पदर डोक्यावर आला. तो तिनं घेतलेला मला दिसलाही नाही.

"आण्णा… कधी आलात? पाणी…"

"पानी नको. सही झाली?"

"नाही. अजून बोलावलं नाही."

"मंग येळंत आलो म्हनायचं."

ते माझ्याकडं वळले. "फोनवर तुजा आवाज ऐकला तवाच वळाकलं, गुरवारपातुर थांबन्यात राम न्हाय. घरी गेलो, तर शेजारनीनं सांगितलं तुमी कुटं गेलाय ते."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी खाली.

"सोलापूरला तारखंला गेलतो," आण्णा सांगायला लागले. आवाज चढलेला नव्हता, उलट त्यांना बोलायला कष्ट पडत होते. "कोरटाजवळच्या हापिसच्या भाईर फळा हाय. बसायला जागा न्हवती म्हनून हुबा व्हतो. बघतोय तर म्हादबाचं नाव. कैलासवासी महादेव खराडे. बारा वर्सांनी भावाचं नाव कुटंतरी छापल्यालं दिसलं. मला वाटलं, सरकारनं कायतरी केलं त्याच्यासाटी. मग वाचत गेलो. त्यांची विधवा म्हनून तुजं नाव. त्याच्याखाली ह्यांचं."

टिल्लू सर उभे राहिले. "आण्णासाहेब, मी आपल्याला आधीच भेटायला…"

"तुमी बसा सर. तुमी भला मानूस असाल. ह्यो आमच्या घरातला सवाल हाय." ते आईकडं वळले. "शालन, मी नको म्हनायला आलोय. तुला ठावं हुतंच. म्हनून तर लपवलंस."

मेहरूमावशी तोंडाला पदर लावून बसली. आतून त्या पोरांच्या टाळ्या ऐकू आल्या.

आई म्हणाली, "बरं, आण्णा." मग सरांना, "मी अर्ज मागं घेते."

सर म्हणाले, "ठीक आहे." दोनच शब्द. आणि बाकावर बसले.

आता खरं सांगते. इतकी वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगत आले, माझी कशी घाबरगुंडी उडाली, फोन काय, रिक्षा काय. लोक हसतात. पण आण्णांना गेटात बघितलं तेव्हा मला काय वाटलं ते मी कधी सांगितलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं, असं वाटलं. आई घरी येणार, क्वार्टर सोडायचं नाही, बाबांचं नाव आमच्या दारावर तसंच राहणार. आईनं मला पहिल्यांदा सांगितलं त्या क्षणापासून मला ते लग्न नको होतं. 'नको' हा शब्द तोंडातून निघेल या भीतीनं मी 'करून टाका' म्हणाले होते. तो पत्ता मी सवयीनं लिहिला हे खरंच आहे, देवाशपथ. पण दिवसभर दुसऱ्यांचे पत्ते तपासणाऱ्या बाईला तो एकदाही खटकला नाही, आणि पाटणेकाकूंना सांगताना माझी जीभ अडखळली नाही, हेही तेवढंच खरं आहे.

"मग चला घरी," मी म्हणणार होते. पण आण्णांनी हात वर केला.

"थांबा. माझ्या येकट्याच्या म्हनन्यावर नको, उद्या मला बोल नको. म्हादबाचं रगात हिच्यात हाय. वैजू, तू बोल. ही सोयरिक तुला पसंत हाय का? न्हाय म्हन, की उठलो आपन."

ते माझ्याकडं विश्वासानं बघत होते. माझं उत्तर त्यांना ठाऊक होतं. जगात फक्त त्यांनाच ठाऊक होतं, कारण आमचं दोघांचं माणूस एकच गेलं होतं.

मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. तिनं पदराखाली हात घातला होता आणि ती हळूहळू गजरा काढत होती. रस्त्यानं परत जायचं म्हणून. गजरा काढून तिनं रुमालात ठेवला, रुमालाची चारी टोकं दुमडली, आणि पर्स उघडून आत ठेवायला लागली. कुणावर राग नाही, रडणं नाही. तिचं काम आटोपलं होतं.

ते मला बघवेना.

"मला नकोय आण्णा," मी म्हणाले. "मला अजिबात नकोय. मला ते घर सोडायचं नाहीये. मला सरांच्या घरात राहायचं नाहीये. ते चांगले आहेत आणि तरीही मला नकोयत."

"वैजू…" आई म्हणाली.

"मग झालं तर," आण्णा म्हणाले. "उठा."

"झालं कुठं?" मी किंचाळलेच. व्हरांड्यातली सगळी माणसं वळली. "नको मला आहे. तुम्हाला नको आहे. तिला हवंय हो आण्णा! तिला पाहिजे आहे! तिला कुणी विचारतंय का? तुम्ही मला विचारताय, मी फाइल घेऊन नाचतेय, आणि तिला कुणी विचारलंच नाही!"

आणि मी भर व्हरांड्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, नाक शिंकरत ढसाढसा रडायला लागले. मेहरूमावशीनं मला जवळ ओढलं.

आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली. माणूस न्यायाचा होता. गावातली भांडणं सोडवायचा, दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निवाडा द्यायचा नाही. आणि इथं एक बाजू ऐकायची राहिली होती, हे त्यांना कळलं असावं.

"शालन," ते म्हणाले, "व्हय?"

सर मान खाली घालून बसले होते. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग आण्णांकडं. कोल्हापुरात आल्यापासून जी भाषा ती कधी बोलली नव्हती त्या भाषेत म्हणाली, "व्हय, आण्णा. मला पायजे."

तेवढ्यात दार उघडून शिपाई ओरडला, "श्रीनिवास टिल्लू, शालन खराडे! साक्षीदार घेऊन आत या!"

शिपायानं पुन्हा नावं घेतली.

"जा," आण्णा म्हणाले. "साहेब खोळंबलेत. माझं म्हननं मी मागं घेतलं न्हाय. माझं नकोच हाय. पर तू जा."

आई त्यांच्या पाया पडायला वाकली. ते एक पाऊल मागं सरकले. ती तशीच वाकून राहिली, जमिनीला हात लावला, आणि आत गेली. आशीर्वाद त्यांनी दिला नाही. खोटं कशाला सांगू.

आत डोईफोडेबाईंनी कागद पुढं केले. आईनं सही केली, सरांनी केली, मग हावळ सर, मेहरूमावशी. माझ्यापुढं कागद आला तेव्हा डोळ्यांतलं पाणी आवरेना, अक्षर दिसेना. डोईफोडेबाई हळूच म्हणाल्या, "इथं नातं लिहा." मी लिहिलं, मुलगी. माझं एवढं वाईट अक्षर कुठल्याच सरकारी कागदावर नसेल. मग दोघांनी साहेबांसमोर उभं राहून वाक्यं म्हटली. सरांनी पाठ करून आणली होती, तरी चुकले. मी वळून बघितलं तर आण्णा दारात उभे होते, चौकटीला हात टेकून.

बाहेर आल्यावर सुतारला हुरूप आला. "बाई, आता हसा की! आता फॉर्मसाठी नाही!" त्यानं दोघांचे काढले, हार घालताना काढले, पेढा भरवताना काढले. मला मध्ये ओढलं. "ताई, हसा." मी हसले. सांगितलं तसं, सांगितलं तेवढं. मग तो म्हणाला, "आता ग्रुप! ओ काका, या की! तुम्ही घरचे ना?"

मला वाटलं, आता हे निघून जाणार. आण्णा थांबले, जरा विचार केला, आणि आले. आईच्या बाजूला गेले नाहीत, सरांच्याही नाही. डाव्या टोकाला मी होते, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"रडू नगंस," पुटपुटले. "मी रडतोय का?"

त्यांच्या गालावरून पाणी वाहत मिशीत उतरत होतं. सुतारनं बटण दाबलं.

सुतारनं छत्तीस फोटो दिले. नव्या घरातल्या बैठकीत आईनं एकच फ्रेम करून लावला, तो ग्रुपचा. त्यात हावळ सरांचे डोळे मिटलेत, मेहरूमावशी अर्धी कापलीय, आणि डाव्या टोकाला मी आणि आण्णा असे उभे आहोत की येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, यांचं कोण गेलं होतं? मी कितीदा म्हटलं, आई, बदल गं तो फोटो, इतके चांगले आहेत की. ती ऐकायची नाही. परवा पुन्हा म्हटलं, तेव्हा चष्मा पुसत म्हणाली, "राहू दे. बाकीच्या फोटोंत तू हसतेयस, आणि ते मला बघवत नाही."